हाकेला येणारे मासे

माझ्या वडिलांनी मासे मेंढरांसारखे वाढवले. त्यांना दुसरी रीत माहीत नव्हती.

आमचं घर मेंढक्यांचं. आजोबांच्या हातात कळप होता. पुढे पाटाला पाणी आलं, माळ फुटले, ऊस उभा राहिला, चरायला रान उरलं नाही आणि कळप विकला गेला. थोरले चुलते शेती बघू लागले. वडील शिकले आणि इंदापूर तालुक्यातल्या आमच्याच गावी शाळेत गुरुजी झाले. तरी वर्गात शिरताना ते मुलं मोजायचे ती मेंढरं मोजल्यासारखी, दोन बोटं पुढं करून, जोडीजोडीनं. ते गेल्यापासून मी हे लिहायचं म्हणते आहे, आणि दर वेळी विहिरीपाशी येऊन थांबते. म्हणून विहिरीपासूनच सुरू करते.

विहीर आमच्या मळ्यात, पाटाच्या खालच्या अंगाला. पाट वाहता असला की झिरपून तिला नितळ पाणी यायचं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी बारामतीला कॉलेजात शिकत होते आणि शनिवारी एसटीनं घरी यायचे. एका शनिवारी आले तर आई पायरीवर बसून शेंगदाण्याची पेंड कुटत होती.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्या भावंडांसाठी," आई म्हणाली आणि मुसळानंच विहिरीकडे दाखवलं.

मी एकुलती एक. आईच्या बोलण्यात ही असली धार नेहमी असायची, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं आम्हा दोघा बापलेकींचं ठरलेलं होतं. मी विहिरीवर गेले. वडील पायऱ्या उतरून पाण्याशी उकिडवे बसले होते आणि पाण्यात माझ्या बोटाएवढी पिल्लं कपारीकपारीनं पळत होती.

घाटमाथ्यावरच्या एका तळ्यावर नदीतल्या जुन्या माशांची पिल्लं तयार करत असत. तिथून वडिलांनी ती आणली होती, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन, दोन एसट्या बदलून. पुस्तकात त्या माशाला महाशीर म्हणतात. आमच्या नदीकाठी खवल्या म्हणत, कारण त्याचा एकेक खवला रुपयाच्या नाण्याएवढा. वडील लहानपणी कळप पाण्यावर नेत तेव्हा गावाखालच्या नीरेच्या डोहात हे मासे असत. मेंढरं तोंड लावून पाणी पीत आणि त्यांच्या तोंडाखालून सोनेरी पाठी सरकत जात, असं ते सांगायचे. मग गावात विहिरी खोदायचं पेव फुटलं. खोदाईतून उरलेले सुरुंग माणसं डोहात उडवू लागली. गळिताच्या दिवसांत वरून साखर कारखान्याच्या मळीचं काळं पाणी येऊ लागलं. माझा जन्म झाला तोवर खवल्या फक्त बोलण्यात उरला होता.

वडिलांची इच्छा एवढीच होती. पिल्लं विहिरीत मोठी करायची, डोहात सोडायची, आणि मग कधीतरी डोहात एक लहान खवल्या बघायचा. "मी आणलेला नाही," ते म्हणत, "तिथंच झालेला."

सकाळ-संध्याकाळ ते पेंड घेऊन विहिरीत उतरत. सोबत तुपाचा रिकामा डबा आणि काठीचा तुकडा. आजोबा मेंढरांना मीठ घालताना डबा वाजवायचे आणि ओठ फुरफुरवून हाक द्यायचे, हुर्रर्र, हुर्रर्र. वडिलांनी तेच केलं. सुरुवातीला आवाज झाला की पिल्लं कपारीत दडत. काही महिन्यांनी ती आवाजाबरोबर बाहेर येऊ लागली. दुसऱ्या वर्षी डब्यावर पहिली काठी पडायच्या आत पाणी हलायचं. वडिलांचं पाऊल पायरीवर वाजलं तरी पुरे व्हायचं. त्यात एक होता, त्याची शेपूट पाणी उपसायच्या मोटारीच्या जाळीत अडकून अर्धी फाटलेली. तो वडिलांच्या तळहातावर तोंड ठेवून पेंड खायचा. आम्ही त्याला तुटका म्हणायचो.

चुलत्यांना सगळा गाव आबा म्हणे. बिरोबाच्या देवळाची पूजाही त्यांच्याकडेच होती. ते कधीकधी विहिरीच्या काठावर येऊन बसत आणि वरून बघत.

"गुरुजी," ते एकदा म्हणाले. धाकट्या भावाला ते गुरुजीच म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं चिडवायला. "हा तर आपलाच कळप झाला की वो. हाकंला येत्यात सगळी?"

"येतात."

"मंग तयार झाली म्हणायची."

वडील हसले. मीही हसले. मेंढक्यांच्या बोलण्यात हाकेला येणारं मेंढरू तयार, कारण त्याला दोरी न लावता बाजारात नेता येतं. हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. त्या वेळी आम्हाला ते कौतुक वाटलं.

पावसाळा संपून नदीचं पाणी निवळलं तेव्हा मासे सोडायचं ठरलं. वडिलांच्या मनात होतं, पहाटे जाऊन गुपचूप सोडावेत. पण गावात असं काही गुपचूप होत नाही. आबांनी देवळात सांगितलं, देवळातून सगळीकडे झालं, आणि सकाळी ढोल घेऊन माणसं विहिरीवर आली. वडिलांनी डबा वाजवला. मासे वर आले तसे चुलत भावांनी खालून जाळं उचललं. एकही निसटला नाही. डेअरीच्या कॅनमध्ये पाणी भरून, ट्रॅक्टरवर चढवून, ते नदीला नेले. अंगावर भंडारा उधळलेला, ढोल वाजतोय, आणि वडील दोन कॅनच्या मध्ये बसून झाकणाच्या फटीतून हात घालून पाणी हलवताहेत, असं मला ते आठवतात.

काठावर त्यांनी सगळ्यांना थांबवलं. आमच्यात भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडत नाहीत. आबांनी परात धरली, एकेकानं चिमूट उचलली. शपथेचे शब्द वडिलांनी आदल्या दिवशी नीट जुळवले होते आणि शाळेत पाठ म्हणून घ्यावा तसे त्यांनी ते म्हणून घेतले. या डोहात मी जाळं टाकणार नाही. गळ टाकणार नाही. सुरुंग टाकणार नाही. विष कालवणार नाही.

"आन् पवायचं का न्हाय, गुरुजी?" मागून कोणीतरी ओरडलं.

"पोहा," वडील म्हणाले.

सगळे हसले. कॅन कलते केले. मासे पाण्यात गेले आणि गेलेच नाहीत. काठाशी, वडिलांच्या पायांपाशी घुटमळत राहिले. वडिलांनी हातांनी पाणी उडवून त्यांना आत लोटलं. लोक म्हणाले, बगा, किती जीव हाय त्यांचा गुरुजींवर. वडिलांचे डोळे भरले होते.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी मी एसटीतून उतरले आणि घरी जाताना आबांच्या अंगणातून गेले. धुण्याच्या दगडावर काहीतरी चमकत होतं. मी जवळ गेले. खवले होते. रुपयाच्या नाण्याएवढे.

"ये, पोरी, बस," आबा ओसरीवरून म्हणाले. "जेवूनच जा. खवल्या हाय. काटं लई, पर चव... तुझ्या आज्याच्या वेळची चव हाय."

मी ओसरीवर चढले नाही. आमच्यात मटण सगळेच खात, वडीलही खात. आणि भुकेचा तर प्रश्न नव्हताच. डाळज-भिगवणकडे धरणाच्या पाण्यात तेव्हा चिलापी मासा इतका माजला होता की विकणारे सायकलवरून आमच्या दारापर्यंत येत. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते पायात चप्पल न घालता निघाले.

"आबा, भंडारा उचलला होता आपण."

"उचलला की."

"मग?"

"मंग काय? जाळं टाकलं न्हाय. गळ टाकला न्हाय. तुमी सांगितल्याली चारी कलमं पाळली." आबा बोटं चाटत होते. "डबा वाजिवला. आपण हून आली. दारात आल्याल्याला न्हाय कसं म्हणायचं?"

ओसरीवरची सगळी माणसं हसली. आतून बायकाही हसल्या. आबांचा हा विनोद त्या दिवसापासून गावाचा झाला.

"आणखी कुणाला सांगितलंत हे?" वडिलांनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? समद्यांनी बगितलंय की विहिरीवर."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आणि वडील डोहावर गेलो तर तिथं जत्रा भरली होती. माणसं गुडघाभर पाण्यात उभी. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात ताट, एका बाईच्या हातात पितळी तांब्या. वाजवायचं, पेंडीची चिमूट टाकायची, आणि मासे येत. माणसांच्या पायांमध्ये येत. तोंड वर करून उभे राहत. मग दोघंजण धोतराची टोकं धरून खालून उचलत, किंवा नुसती पाटी बुडवून वर काढत. एकानं मासा दोन्ही हातांनी वर धरला, त्याच्या तोंडातून भिजलेली पेंड गळत होती. "गुरुजी," तो म्हणाला, "जेवतोय अजून. जेवून घेऊ द्या का?"

वडील ओरडले, हात जोडले. माणसं बाजूला झाली, त्यांना मान देऊन, हसू दाबून. संध्याकाळी पुन्हा आली. शेजारच्या वस्त्यांवरून आली. एकदा इंदापूरहून जीप भरून आली, त्यांना ते बघायचंच होतं. कोणाचीही शपथ मोडली नाही.

वडिलांनी आठवडाभर काठावर पहारा दिला. ते शाळेत असले की मासे जात. घरी येऊन ते विहिरीच्या काठावर बसून राहत.

"डबं गोळा करा समद्यांचं," आई म्हणाली. ती चिडवत नव्हती. पण घराघरात डबा होता, ताट होतं, तांब्या होता.

"माणसांना शिकवून झालं," वडील म्हणाले. "आता त्यांनाच शिकवायला पाहिजे."

मला कळलं नाही. पुढच्या रविवारी कळलं.

ते लवकर उठले, तुपाचा डबा घेतला, बाभळीची लांब काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल. तू वाजव. दोन्ही माझ्याच्यानं व्हायचं नाही."

डोहावर कोणी नव्हतं. वडील पाण्यात उतरले. मी दगडावर बसून डबा वाजवला आणि त्यांनी ओठ फुरफुरवून हाक दिली, विहिरीवर द्यायचे तशीच, त्याच आवाजात. हुर्रर्र. पाणी हललं. उरलेले मासे आले. ते त्यांच्या पायांशी आले आणि तोंडं वर केली, आणि वडिलांनी काठी हाणली.

पाणी उसळलं. मासे चहूकडे पांगले, आणि थोड्या वेळानं परत आले.

"वाजव," ते म्हणाले.

मी वाजवत राहिले. ते मारत राहिले. शाळेत त्यांनी कधी छडी हातात घेतली नव्हती, असं मला लिहायला आवडलं असतं. घेत असत, छडी कुठं मारली की लागते आणि हाड मोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण पाण्यात काठीचा नेम राहत नाही. एक मासा उलटा होऊन पोट वर करून तरंगला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी डबा थांबवला तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "थांबलीस तर त्यांना वाटेल संपलं."

तोवर लोक जमले होते.

"आरं, गुरुजींनी शाळा भरिवली!"

"कोण नापास झालं वो, गुरुजी?"

"पाडं पाठ करून घ्या त्यांचं!"

मेलेला मासा वाहत काठाला लागला तसा एकानं उचलला. "ह्यो आमी घेतो. हाताला लागल्याला हाय, शपतंत बसत न्हाय."

कोणीही वडिलांना अडवलं नाही. मासे त्यांचेच होते, ते मारायचा गुरुजींना हक्क आहे, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. दर वेळी कमी मासे येत. जे येत ते लांब थांबत, आणि काठी उचलली की पळत. वडील मग दगड मारू लागले. तुटका मात्र येतच राहिला. त्याच्या पाठीवर काठीनं खवले उडून पांढरा पट्टा पडला होता. तो सगळ्यांत पुढे यायचा, पायांपर्यंत यायचा, मार खाऊन जायचा आणि डबा वाजायचा थांबला नसला तर वळून परत यायचा. वडील त्याला सगळ्यांत जोरात मारत. एकदा त्यांनी त्याला मारलं आणि काठीसकट पाण्यात खाली बसले. छातीपर्यंत पाणी होतं. आणि तो त्यांच्या हाताशी आला आणि हुंगू लागला.

"वाजव," वडील म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मी पुष्कळ वेळ डबा वाजवला आणि पाणी हललं नाही. तुटकाही आला नाही. वडिलांनी हाक दिली, पुन्हा दिली. मग ते पाण्यातून बाहेर आले आणि काठी गुडघ्यावर मोडून फेकून दिली. "शिकले," ते म्हणाले.

गावानंही वाजवून बघितलं, काही दिवस. मग कंटाळून सोडून दिलं.

"समदी मारून टाकली," आबा देवळात सांगायचे, "आन् म्हणतोय शिकली."

काठावरून दोन्ही सारखंच दिसतं. पुढची सगळी वर्षं वडील संध्याकाळी रिकाम्या हातांनी डोहावर जात राहिले. परत आले की आई विचारायची, "दिसलं काही?" ते म्हणायचे, "नाही." आणि त्या 'नाही'मध्येच त्यांना समाधान मानावं लागायचं. लहान खवल्या त्यांना कधी दिसला नाही. विहिरीत त्यांनी पुन्हा काही सोडलं नाही. डबा मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता, त्यात पाना आणि ग्रीस ठेवत.

दशक संपत आलं असताना ते गेले. छातीत दुखलं, जीप मिळेपर्यंत संपलं. मी तोवर बारामतीच्याच एका ग्रंथालयात नोकरीला लागले होते. अग्नी चुलत भावानं दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मला नेलं, कारण मुलगा नव्हता आणि आबा म्हणाले, पोरगी तर हाय.

राख घमेल्यात भरली आणि डोहावर आणली. आबांनी भंडारा टाकला. कणकेचे गोळे, भात, सगळं पाण्यात सोडलं. भावानं घमेलं उपडं केलं. थोडी राख बुडाला चिकटून राहिली होती, ती पडेना, म्हणून त्यानं घमेल्याच्या पाठीवर हाताच्या कड्यानं ठोकलं. ठण, ठण, ठण.

पाणी हललं.

राखेच्या राखाडी सायीखालून तो वर आला. आता हातभर लांब झाला होता. पाठीवर पांढरा पट्टा, शेपूट अर्धी. तो भावाच्या पायांपाशी आला, थांबला, आणि तोंड वर केलं.

आबा मटकन खाली बसले. "आला," ते म्हणाले. "माझा भाऊ आला. बगा, भेटाया आला." ते रडत होते, खरंखुरं रडत होते. माणसांनी हात जोडले. कोणी वाकून पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. घमेलं भावाच्या हातातच होतं, त्यानं ते पुन्हा वाजवलं, आता मुद्दाम, हळूच. मासा आणखी जवळ आला.

माझ्या मागं दोघं उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला अगदी हळू आवाजात म्हणाला, "केवढा झालाय रं! पाटीत मावायचा न्हाय."

मी वाकले. पायाशी धोंडा होता, दोन्ही हातांत मावेल एवढा. तो उचलून, पाण्यात एक पाऊल टाकून, मी सगळा जोर लावून माशावर टाकला. वरून पाणी उडालं, राख उडाली, आबांच्या तोंडावर, सगळ्यांच्या कपड्यांवर. धोंडा त्याला लागल्याचा आवाज मी ऐकला. मी दुसरा उचलला.

"अगं ए! डोकं फिरलं का!" भावानं माझा हात धरला.

"बापाच्या राखंवर धोंडा मारती!" कोणीतरी म्हणालं. आबा माझ्याकडे बघत होते. त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, भोवती बायका होत्या. मी आत गेले तशा त्या एकेक करून उठून बाहेर गेल्या. माझ्या ओल्या साडीला राख लागलेली होती. आईनं ती बघितली.

"लागला का?" तिनं विचारलं.

"लागला."

"परत वर आला?"

"नाही."

"घमेलं वाजिवलं तरी?"

"भावानं वाजवलं. आला नाही."

आईनं पदरानं माझ्या हातावरची राख पुसायला घेतली. "मंग बरं झालं," ती म्हणाली.